भरपाईसाठी जमवलेला निधी उरला, तर तो कोणाचा?

एखाद्या ठरावीक कामासाठी लोकांकडून सक्तीने पैसे गोळा करावेत, पुढे ते काम थांबावे आणि तिजोरीत काही रक्कम शिल्लक राहावी, असे झाले की त्या शिलकेवर हक्क सांगणारे अनेक जण पुढे येतात. ज्यांनी पैसे भरले ते मात्र बहुधा सर्वांत शेवटी येतात, कारण तोपर्यंत त्यांतले काही हयात नसतात, काहींनी व्यवसाय विकलेला असतो आणि उरलेल्यांना आपण कधी काही भरले होते याचीच आठवण राहिलेली नसते. मी बरीच वर्षे हिशेब तपासण्याच्या कामात घालवली, आणि त्या कामात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी नोंद कोणती असे कोणी विचारले, तर मी 'उद्देश संपलेल्या निधीची शिल्लक' हेच उत्तर देईन. म्हणूनच इंग्लंड आणि वेल्समधील मद्यविक्रीच्या परवान्यांसाठी १९०४ च्या कायद्याने उभारलेल्या नुकसानभरपाई निधीविषयी वाचताना मी त्यात गुंतत गेलो. त्या निधीत उरलेले पैसे परवाना असलेल्या जागांच्या मालकांना परत करणे योग्य आहे का, आणि असेल तर कोणत्या मालकांना आणि किती, हा प्रश्न दिसायला लहान आहे, पण त्याच्या मुळाशी कर आणि वर्गणी यांच्यातला फरक आहे.

हा निधी मुळात का निर्माण झाला हे समजल्याशिवाय शिलकेचा निवाडा करता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जागेवर बसून मद्य पिण्याची सोय असलेल्या पबचा परवाना स्थानिक न्यायदंडाधिकारी देत असत आणि दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागे. १८३० च्या बिअरविषयक कायद्याने मध्यंतरी दंडाधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय, केवळ शुल्क भरून बिअर विकण्याची मोकळीक दिली होती. त्यामुळे बिअरची हजारो दुकाने निघाली, आणि १८६९ मध्ये हा अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे आणताना तेव्हा अस्तित्वात असलेल्या दुकानांना विशेष संरक्षण द्यावे लागले. शतकाच्या अखेरीस एकेका गल्लीत इतके पब झाले होते की ते कमी करावेत यावर मद्यपानविरोधी चळवळीतल्या लोकांचेच नव्हे, तर पुष्कळ दंडाधिकाऱ्यांचेही एकमत होते. वाद होता तो एवढाच, की ज्याचा परवाना जाईल त्याला काही द्यायचे की नाही.

परवाना एका वर्षाचा असतो, त्यामुळे वर्ष संपल्यावर तो नाकारला तर कोणाचे काहीच हिरावले जात नाही, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू असे सांगत होती, की वर्षानुवर्षे नूतनीकरण होतच आले आहे, त्या भरवशावर लोकांनी इमारती बांधल्या आहेत, कर्जे घेतली आहेत, मृत्युपत्रे केली आहेत, आणि बाजारात पबची किंमत त्या भरवशासकट ठरते. १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय या नात्याने शार्प विरुद्ध वेकफील्ड या खटल्यात कायद्याची बाजू स्पष्ट केली. वेस्टमोरलंडमधील केंटमिअर येथल्या एका खाणावळीचा परवाना दंडाधिकाऱ्यांनी नाकारला होता. ती जागा पोलिसांच्या देखरेखीपासून दूर होती आणि त्या भागाला तिची गरज नव्हती, ही त्यांची कारणे होती. नूतनीकरणाच्या वेळीही दंडाधिकाऱ्यांना नव्या परवान्याइतकाच विवेकाधिकार आहे, फक्त तो लहरीने न वापरता न्यायबुद्धीने वापरला पाहिजे, असा निर्णय झाला. परवान्यावर मालमत्तेचा हक्क नाही हे त्या दिवशी नक्की झाले, आणि पबमध्ये ज्यांचा पैसा गुंतला होता त्यांना घाम फुटला.

त्याच्या आदल्याच वर्षी अर्थमंत्री गोशेन यांनी बिअर आणि स्पिरिटवर वाढीव कर लावून त्या पैशातून परवाने विकत घेऊन रद्द करण्याची योजना मांडली होती. मद्यविक्रेत्यांना सरकारी पैसा देण्याच्या कल्पनेवर एवढा गदारोळ झाला की भरपाईची कलमे मागे घ्यावी लागली. पण कर मात्र लागू झालेला होता. मग त्या पैशाचे करायचे काय? त्यातला काही भाग पोलिसांच्या निवृत्तिवेतनाकडे गेला आणि मोठा भाग काउंटी कौन्सिलांकडे देऊन तो तंत्रशिक्षणावर खर्च करण्याची मुभा त्यांना देण्यात आली. इंग्लंडच्या शिक्षणाच्या इतिहासात हा पैसा 'व्हिस्की मनी' या नावाने ओळखला जातो आणि पुढे कित्येक वर्षे त्यावर तंत्रशिक्षणाचे वर्ग चालले. या घटनेचा मी मुद्दाम उल्लेख करतो आहे, कारण उरलेला निधी मूळ देणाऱ्यांना परत न करता चांगल्या कामाला लावावा असे म्हणणारे लोक हाच दाखला देऊ शकतात. तो दाखला इथे का लागू होत नाही, याकडे मी पुढे येणार आहे.

१९०२ मध्ये सरे परगण्यातील फार्नम येथील दंडाधिकाऱ्यांनी आपल्या हद्दीतले अनेक परवाने भरपाईविना नाकारले. बर्मिंगहॅममध्ये आर्थर चेंबरलेन यांच्या पुढाकाराने बिअर कंपन्यांशी बोलणी करून, त्यांच्याकडून काही परवाने आपखुशीने परत घेण्याचा मार्ग काढला गेला होता. फार्नमची वाट सगळ्या देशाने धरली तर आपले काय होईल, या भीतीने धंद्यातले लोक सरकारकडे धावले आणि बाल्फोर यांच्या सरकारने १९०४ चा परवाना कायदा आणला. विरोधकांनी त्याला बिअरवाल्यांना देणगी देणारा कायदा म्हटले. १५ ऑगस्ट १९०४ रोजी त्याला राजमान्यता मिळाली आणि १ जानेवारी १९०५ पासून तो अमलात आला.

या कायद्याची रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते, आणि शिलकेच्या प्रश्नाचे उत्तर त्या रचनेतच दडलेले आहे असे माझे मत आहे. परवानाधारकाची वागणूक वाईट असेल, पब नीट चालवला जात नसेल किंवा इमारतच योग्य नसेल, तर स्थानिक दंडाधिकारी पूर्वीप्रमाणे भरपाई न देता परवाना नाकारू शकत होते. परंतु ज्याचा काही दोष नाही असा पब केवळ 'इथे पब जास्त झाले आहेत' म्हणून बंद करायचा असेल, तर ते प्रकरण क्वार्टर सेशन्स या वरच्या स्थानिक न्यायालयाकडे पाठवायचे, आणि त्यांनी नूतनीकरण नाकारले तर भरपाई द्यायची. भरपाईचा पैसा सरकारी तिजोरीतून येणार नव्हता. प्रत्येक क्षेत्रातल्या सर्व जुन्या पबांवर, म्हणजे कायदा झाला त्या वेळी जागेवर पिण्याचा परवाना असलेल्या जागांवर, दरवर्षी आकार (शुल्क) बसवायचा, तो त्या क्षेत्राच्या वेगळ्या निधीत जमा करायचा, आणि त्याच क्षेत्रात बंद होणाऱ्या पबांना त्यातून भरपाई द्यायची, अशी ही योजना होती. जागेच्या वार्षिक मूल्यानुसार आकाराची कमाल मर्यादा कायद्याच्या परिशिष्टात ठरवून दिलेली होती. लहानात लहान पबला ती १ पौंड होती आणि मोठ्यात मोठ्या जागेला १०० पौंड. त्या वर्षी आकारणीची गरज नाही असे क्वार्टर सेशन्सने गृहमंत्र्यांना प्रमाणित करून कळवले, तर आकारणी टाळताही येत होती.

थोडक्यात, धंद्यात टिकून राहिलेल्यांनी धंद्यातून बाहेर पडणाऱ्यांना द्यायचे होते. त्यामागचा तर्कही साधा होता: शेजारचा पब बंद झाला की त्याचे गिऱ्हाईक तुमच्याकडे येणार, म्हणून त्याच्या नुकसानीचा भार तुम्ही उचला. शिवाय उद्या तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच निधीतून तुम्हालाही मिळेल. हे परस्पर विम्याचे रूप होते, फक्त सक्तीचे. १९०४ नंतर दिलेल्या नव्या परवान्यांना या योजनेत जागा नव्हती. त्यांनी मक्तेदारीच्या लाभाचे मोल, म्हणजे परवान्यामुळे जागेची वाढलेली किंमत, वेगळे सरकारजमा करायचे होते आणि पुढे परवाना गेला तर या निधीतून त्यांना काही मिळणार नव्हते. बाटली घरी नेण्यापुरती विक्री करणारी दुकानेही या निधीच्या बाहेर होती.

या योजनेतला सर्वांत बारीक आणि सर्वांत न्याय्य भाग म्हणजे आकाराचा भार कोणी सोसायचा याची तरतूद. पैसे भरण्याची जबाबदारी परवानाधारकाची होती, परंतु परवानाधारक पुष्कळदा केवळ भाडेकरू असे आणि इमारत बिअर कंपनीच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या मालकीची असे. वर्षभराच्या करारावर पब चालवणाऱ्या माणसाला दहा वर्षांनंतरच्या सुरक्षिततेचा काय उपयोग? म्हणून भरलेल्या आकाराचा काही भाग भाड्यातून कापून घेण्याचा हक्क त्याला दिला होता. भाडेपट्ट्याची एक वर्षापेक्षा जास्त मुदत उरलेली नसेल तर तो संपूर्ण आकार कापू शकत असे, आणि उरलेली मुदत जितकी लांब, तितके कापायचे प्रमाण कमी होत जाई. परवान्यात ज्याचे हित जितके दूरपर्यंत पोचते, तितका भार त्याने सोसावा, हे तत्त्व कायद्याला जोडलेल्या भाडेकपातीच्या तक्त्यात टक्केवारीने मांडले होते. हिशेबाच्या नजरेने मी बरेच कायदे वाचले आहेत. इतक्या प्रामाणिकपणे भार विभागणारा तक्ता माझ्या वाचनात क्वचितच आला आहे.

भरपाई किती द्यायची याचेही सूत्र असेच मोजून-मापून केलेले होते: परवान्यासह जागेची किंमत आणि परवान्याविना तिची किंमत यांतला फरक, आणि त्यात व्यवसायाच्या सामानाची घटलेली किंमत. हितसंबंधी लोकांमध्ये एकमत झाले आणि क्वार्टर सेशन्सने त्याला मान्यता दिली तर ती रक्कम, नाहीतर प्राप्तिकर आणि वारसा कर पाहणारे इनलँड रेव्हेन्यूचे आयुक्त ठरवतील ती रक्कम, आणि त्यावर उच्च न्यायालयात अपील. १९०६ मध्ये ॲशबीज या दोन ब्रुअरी कंपन्यांची प्रकरणे, कोबमचा क्राउन आणि वोकिंगचा हँड अँड स्पिअर हे पब, न्यायमूर्ती केनेडी यांच्यापुढे आली. बाजारात पबची बोली लावणारे बहुतेक जण स्वतः बिअर बनवणारे असतात आणि तिथे आपली बिअर खपेल या आशेनेच ते किंमत देतात. तेव्हा त्या घाऊक विक्रीच्या नफ्यामुळे वाढलेली किंमतही धरली पाहिजे, असे केनेडी यांनी ठरवले. त्यामुळे दर पबमागे द्यावी लागणारी रक्कम वाढली आणि त्याच निधीतून बंद करता येणाऱ्या पबांची संख्या घटली. ही भरपाई मालक, पट्टेदार आणि परवानाधारक यांच्यात वाटली जाई. परवानाधारकाचा करार कसाही असो, वर्षावर्षाच्या भाडेकरूला मिळाले असते त्यापेक्षा कमी त्याला मिळणार नाही, एवढी हमी कायद्याने दिली होती.

हे सर्व कायमचे चालणार होते की नाही, यावर पुढेही लढाई झाली. १९०८ मध्ये ॲस्क्विथ यांच्या सरकारने चौदा वर्षांची मुदत घालून त्यानंतर भरपाई बंद करणारे विधेयक कॉमन्समध्ये संमत करून घेतले, पण हाउस ऑफ लॉर्ड्सने ते ९६ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळले. त्यामुळे निधीला कालमर्यादा राहिली नाही. १९१० च्या एकत्रीकरण कायद्यात आणि पुढे थेट १९६४ च्या परवाना कायद्यातही जुना परवाना आणि त्याची भरपाई या तरतुदी टिकून राहिल्या. २००३ च्या कायद्याने १९६४ चा कायदा रद्द करून परवान्यांची सगळी पद्धतच बदलली, आणि त्या नव्या पद्धतीत अशा निधीला जागा नाही.

इतक्या दीर्घकाळ चाललेल्या निधीत शिल्लक का राहते, हे समजायला फार खोल जावे लागत नाही. आकारणी अंदाजाने आधी होते आणि भरपाई प्रत्यक्षात नंतर द्यावी लागते. सुरुवातीच्या वर्षांत नकोसे झालेले पब पुष्कळ होते. १९०५ मध्ये सुमारे ९९ हजार असलेले परवाने पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे ८८ हजारांवर आले होते, आणि त्या घटीचा बराचसा भाग या निधीतूनच झाला होता. पुढे सर्वांत दुबळे पब निघून गेल्यावर बंद करण्याजोगे फारसे उरले नाहीत. दोन महायुद्धांमधल्या काळात बिअर कंपन्याही दोन-तीन जुने परवाने सोडून देऊन त्या बदल्यात नव्या वस्तीत एक मोठा, सुधारित पब उभारण्याची परवानगी मागू लागल्या, आणि अशा अदलाबदलीत निधीतून काहीच द्यावे लागत नसे. क्षेत्रे वेगवेगळी असल्याने एका क्षेत्राची शिल्लक दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. ज्या क्वार्टर सेशन्सकडे १९०४ मध्ये हे काम सोपवले, ती न्यायालयेच १ जानेवारी १९७२ पासून बंद झाली. निधी मागे राहतो, तो सांभाळणारा बदलतो आणि ज्या भीतीपोटी तो उभारला ती भीतीच उरत नाही. अशा वेळी शिल्लक कोणाच्या नावावर लिहायची?

इंग्लंडच्या न्यायालयांनी अशा शिलकेवर अनेकदा विचार केलेला आहे, आणि ते निकाल एकत्र वाचले की किती वेगवेगळ्या दिशा निघू शकतात हे दिसते. १८९६ च्या कनॅक विरुद्ध एडवर्ड्स या खटल्यात, सभासदांच्या विधवांना वार्षिक रक्कम देण्यासाठी १८१० मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेचे सर्व सभासद मरण पावले होते आणि शेवटची विधवाही १८९२ मध्ये वारली होती. सुमारे १,२५० पौंड शिल्लक होते. सभासदांना पैशाच्या बदल्यात ठरलेला लाभ मिळाला, त्यांचा व्यवहार पुरा झाला, म्हणून ती रक्कम बेवारस समजून राजमुकुटाकडे, म्हणजे सरकारकडे, गेली. तीनच वर्षांनी छापखान्याच्या कामगारांच्या एका संघटनेबाबत न्यायालयाने उलट सांगितले: संघटना विसर्जित होताना जे सभासद आहेत, त्यांनी भरलेल्या रकमेच्या प्रमाणात शिल्लक त्यांना वाटावी. १९५८ मध्ये जिलिंगहॅम बस दुर्घटनेच्या मदतनिधीत पैसे उरले. रस्त्यावर फिरवलेल्या डब्यांत निनावी नाणी टाकणाऱ्यांचाही त्यावरचा हक्क संपलेला नाही, कारण त्यांनी एका विशिष्ट कामासाठीच पैसे दिले होते, असे न्यायमूर्ती हार्मन म्हणाले. १९६८ मध्ये पोलीस दलांचे विलीनीकरण झाल्यावर तर वेस्ट ससेक्स आणि बकिंगहॅमशर या दोन दलांच्या विधवा-निधींबाबत परस्परविरोधी निकाल लागले. पहिल्यात सभासदांच्या वर्गणीचा भाग बेवारस ठरला, दुसऱ्यात सर्व शिल्लक तेव्हाच्या सभासदांना समान वाटायची ठरली.

हे खटले स्वेच्छेने पैसे देणाऱ्यांचे आहेत आणि आपला निधी कायद्याने सक्तीने जमवलेला आहे, हा फरक मी विसरलेलो नाही. उलट, माझ्या मते त्या फरकाने परतफेडीची बाजू अधिक बळकट होते. डब्यात नाणे टाकणाऱ्याला ते न टाकण्याचे स्वातंत्र्य होते. पबच्या मालकाला ते नव्हते. आकार भरला नाही तर नूतनीकरणच अडत असे. ज्याच्याकडून सक्तीने घेतले, त्याला 'तू ते सोडून दिले होतेस' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि ज्या संसदेने सक्ती केली, तिने सक्तीचे कारणही स्पष्ट सांगितले होते: तुमच्याच धंद्यातल्या, तुमच्याच क्षेत्रातल्या बंद होणाऱ्यांसाठी. ते कारण संपल्यावर रक्कम सरकारजमा करणे म्हणजे, भरपाईसाठी घेतलेली वर्गणी मागाहून कर ठरवणे होय. असा कर संसदेत कोणी मांडला नव्हता आणि कोणी त्याला संमती दिली नव्हती.

'व्हिस्की मनी'चा दाखला इथे गैरलागू आहे तो याच कारणाने. १८९० मधला पैसा हा सर्व पिणाऱ्यांवर बसलेला सार्वजनिक कर होता. तो कशावर खर्च करायचा हे संसदेने एकदा ठरवले, मग बदलले, आणि तो तिचा अधिकारच होता. त्या पैशातून तंत्रशिक्षणाचे वर्ग उभे राहिले याचा मला मनापासून आनंद आहे. पण १९०४ चा आकार कधीच सरकारी महसुलात जमा झाला नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवला गेला आणि तो दुसऱ्या कोणत्याही कामावर खर्च करण्याची परवानगी नव्हती. अशा पैशाच्या बाबतीत चांगल्या कामाचे नाव घेणे मला पटत नाही, ते काम कितीही चांगले असले तरी.

दारूच्या धंद्याविषयी मला आपुलकी नाही, हे इथे सांगायला हवे. पब कमी व्हावेत म्हणून शंभर वर्षांपूर्वी झटलेल्या माणसांविषयी मला आदर आहे, आणि परतफेडीचा मोठा वाटा अखेर बिअर कंपन्यांच्याच खात्यात जाईल हेही मला दिसते, कारण इंग्लंडमधले बहुसंख्य पब त्यांच्याच मालकीचे होते. तरीही ज्याचा धंदा आपल्याला आवडत नाही त्याच्याशी हिशेब चोख ठेवता आला पाहिजे. नावडत्या माणसाची शिल्लक आपण स्वतःकडे ठेवू लागलो, तर उद्या आवडत्या माणसाची ठेवणार नाही याची खात्री काय?

परतफेड मालकांनाच का, परवानाधारकांना का नाही, हा पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण पैसे प्रत्यक्ष भरणारा हात परवानाधारकाचा होता. त्याचे उत्तर मला त्या भाडेकपातीच्या तक्त्यात सापडते. वर्षाच्या कराराने पब चालवणाऱ्याने भरलेला आकार भाड्यातून पूर्ण वसूल करून घेतलेला असतो. त्याला परत देणे म्हणजे एकाच रकमेचा परतावा दोनदा देणे होय. त्याच्या बाबतीत खरा भार मालकाने सोसलेला असतो आणि म्हणून परतावा मालकाचा. पण पंचवीस किंवा चाळीस वर्षांचा पट्टा घेतलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे; त्याला कपात कमी मिळाली, म्हणून भाराचा मोठा भाग त्याने स्वतः सोसला. सरसकट 'मालक' म्हणून फक्त जमिनीच्या मूळ मालकाला रक्कम दिली, तर अशा पट्टेदारावर उघड अन्याय होईल. भार वाटण्यासाठी जो तक्ता कायद्याने वापरला, तोच तक्ता परतावा वाटतानाही उलट्या दिशेने वापरावा, असे माझे म्हणणे आहे. ज्याने शंभरातले जितके सोसले, त्याला परताव्याच्या शंभरातले तितके मिळावेत. नवे सूत्र शोधण्याची गरज नाही आणि त्यावर नवा वाद घालण्याचीही नाही.

मधल्या काळात जागा विकली गेली असेल तर काय करायचे? १९१२ मध्ये आकार भरणारा मालक वेगळा, १९४० मधला वेगळा आणि आजचा त्याहून वेगळा. इथे दोन मते संभवतात. पहिले असे की आकार माणसावर नव्हता तर जागेच्या परवान्यावर होता, भरपाईचा हक्कही जागेबरोबर जात होता आणि विकत घेणाऱ्याने त्या हक्कासकट किंमत मोजली, म्हणून शिलकेचा वाटाही जागेबरोबर आजच्या मालकाकडे गेला पाहिजे. दुसरे असे की प्रत्येक पौंड कोणी भरला ते शोधून त्याला किंवा त्याच्या वारसांना तो द्यावा. दुसरे मत ऐकायला अधिक न्याय्य वाटते, पण ते अमलात आणायला गेल्यास शोधाशोधीच्या खर्चातच शिल्लक संपून जाईल.

बँकेच्या खात्यांविषयी १८१६ च्या क्लेटन यांच्या खटल्यात एक जुना नियम सांगितला गेला आहे: चालू खात्यात जे आधी आले ते आधी खर्च झाले असे धरावे. भरपाई निधी हेही एक चालू खातेच होते. तो नियम लावला, तर १९०५ चे पौंड पहिल्या काही वर्षांत बंद झालेल्या पबांना देऊन केव्हाच संपले, आणि आज उरले आहेत ते शेवटच्या काही आकारण्यांचे पैसे. समजा एखाद्या क्षेत्रात ६,००० पौंड शिल्लक आहेत आणि अखेरच्या तीन आकारण्यांत दरवेळी २,००० पौंड जमा झाले होते. मग त्या तीन आकारण्या भरणाऱ्या जागा तेवढ्या शोधायच्या आणि ज्या जागेने तीन वर्षांत मिळून ३० पौंड भरले, तिच्या नावावर ३० पौंड लिहायचे. शेवटच्या आकारण्यांच्या नोंदवह्या सापडण्याची शक्यता जास्त, मालक ओळखू येण्याची शक्यता जास्त, आणि ज्यांनी भरूनही त्याच्या बदल्यात कोणाचाच पब बंद झाला नाही असे लोक नेमके हेच. सर्व वर्षांच्या एकूण वर्गणीच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत छापखाना कामगारांच्या निकालाला धरून असली, तरी जिथे निधी सत्तर-ऐंशी वर्षे चाललेला आहे आणि जुने पैसे त्यांच्या ठरलेल्या कामी लागून गेलेले आहेत, तिथे शेवटच्या आकारण्या भरणाऱ्यांनाच देण्याची ही पद्धत मला अधिक खरी वाटते. शिल्लक आकारण्यांच्या बेरजेहून जास्त असेल, तर ती वाढ व्याजाची आहे असे धरून त्याच प्रमाणात वाटावी.

भरपाई घेऊन बंद झालेल्या पबांचे मालकही या शिलकेत वाटा मागू शकतील, कारण त्यांनीही बंद होईपर्यंत आकार भरलेला होता. त्यांना मात्र मी काही देऊ नये असेच म्हणेन. ज्या जोखमीसाठी वर्गणी होती ती जोखीम त्यांच्या बाबतीत प्रत्यक्षात आली आणि त्यांना ठरलेली पूर्ण रक्कम मिळाली. घर जळून विमा मिळाल्यावर हप्ता परत मागता येत नाही. ज्याचा परवाना वागणुकीच्या दोषामुळे भरपाईविना गेला, त्याचे काय हा प्रश्न त्याहून कठीण आहे. शेवटच्या आकारण्यांपैकी एखादी त्याने भरली असेल, तर तेवढा परतावा त्या जागेच्या मालकाला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही, कारण दोषाची शिक्षा परवाना जाण्याने झालेली आहे आणि वर्गणी जप्त करण्याची शिक्षा कायद्यात लिहिलेली नव्हती.

नोटीस प्रसिद्ध करून, प्रत्येक नोंदलेल्या जागेवर पत्र पाठवून आणि पुरेशी मुदत देऊनही काही रकमा कोणी मागणार नाही, हे उघड आहे. कंपन्या एकमेकींत विलीन झालेल्या असतात, इमारतींची राहती घरे झालेली असतात, काही जागी आता रस्ता असतो. अशा न मागितलेल्या रकमा बेवारस म्हणून राजमुकुटाकडे पाठवण्याचा मोह होईल, आणि कनॅकचा निकाल त्याला आधार म्हणून दाखवता येईल. पण कनॅकच्या संस्थेत एकही सभासद उरलेला नव्हता. इथे त्याच क्षेत्रातले, त्याच आकारण्या भरलेले, दावा सिद्ध केलेले मालक समोर उभे असतात. मुदत संपल्यावर उरलेली रक्कम त्यांनाच पुन्हा त्याच प्रमाणात वाटावी आणि तसा शेवटचा आकडा शून्यावर आणून वही बंद करावी.